सोसायटीच्या ग्रुपवर मतदान कसे घ्यावे आणि असहमती कशी नोंदवावी?

प्रश्न: जुळे_सोलापूर_रहिवासी

नमस्कार.

आमची गृहनिर्माण संस्था सोलापूर शहराच्या जुळे सोलापूर या भागात आहे. सदनिका पन्नासच्या आसपास असून त्यांतील बऱ्याच भाड्याने दिलेल्या आहेत. सोलापुरात महापालिकेचे पाणी रोज येत नाही, काही दिवसांच्या अंतराने येते, हे इथल्या वाचकांना सांगायला नको. बाहेरगावच्या वाचकांसाठी एवढे स्पष्ट करतो की टाकी केव्हा भरायची, टँकर केव्हा मागवायचा आणि त्याचा खर्च कोणी किती सोसायचा, हे आमच्याकडचे सर्वांत नाजूक प्रश्न आहेत. वर्षभर एकमेकांच्या अडीअडचणीला धावून जाणारी माणसे उन्हाळ्यात याच प्रश्नांवरून एकमेकांशी बोलेनाशी होतात.

यंदा समितीने असा प्रस्ताव मांडला की टँकरचा खर्च प्रत्येक सदनिकेकडून सारखा न घेता घरातील माणसांच्या संख्येप्रमाणे घ्यावा. प्रस्ताव रात्री उशिरा व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर पोलच्या रूपाने आला आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत तो "बहुमताने मंजूर" झाल्याचे जाहीरही झाले. पोलमध्ये पर्याय दोनच होते: "होय, मान्य आहे" आणि "नाही, सध्याची अन्यायकारक पद्धतच हवी". ज्यांनी मत दिले नाही त्यांची संमती गृहीत धरण्यात आली.

त्यानंतर काही सभासदांनी सचिवांच्या संदेशाखाली उलटा अंगठा दाखवला. सचिव दुखावले. आपण टँकरवाल्यांच्या मागे धावायचे आणि इतरांनी घरबसल्या अंगठा दाखवायचा हे बरोबर नाही, ज्यांना आक्षेप असेल त्यांनी कारण लिहावे किंवा स्वतः समितीत येऊन काम करावे, असे त्यांनी लिहिले. एका सभासदाने खरोखरच कारणांसह सविस्तर लिहिले, तर "एवढे कोण वाचणार" अशा प्रतिक्रिया आल्या आणि खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. तळमजल्यावर राहणाऱ्या एका वयस्क गृहस्थांनी, ज्यांच्या घरची भाषा तेलुगू आहे, "हे चालणार नाही" एवढेच लिहिले. त्यावरून त्यांना उद्धट ठरवण्यात आले आणि त्यांनी ग्रुप सोडला.

आता ग्रुपवरील चर्चेसाठी आणि मतदानासाठी नियमांचा मसुदा तयार करण्याचे काम समितीने माझ्याकडे दिले आहे. हे काम मला मनापासून नीट करायचे आहे, कारण निर्णय कोणताही झाला तरी आम्हाला पुढची अनेक वर्षे एकाच जिन्याने चढायचे-उतरायचे आहे. माझे प्रश्न असे आहेत: ग्रुपवरील पोलला निर्णय मानता येते का? मत कोणी कसे दिले हे सर्वांना दिसावे की दिसू नये? कारण न देता केवळ अंगठ्याने नापसंती दाखवण्यास मनाई करावी का? आणि मतदानात हरलेल्या बाजूचे म्हणणे कोठे व कसे नोंदवावे? अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे, ही विनंती.


उत्तर: सहकार_खाते_निवृत्त

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत सोपे आहे, म्हणून तेथून सुरुवात करतो. ग्रुपवरील पोल हा सभासदांचा कल समजून घेण्याचा मार्ग आहे. तो संस्थेचा ठराव होऊ शकत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार संस्थेचा अंतिम अधिकार सर्वसाधारण सभेकडे असतो, आणि सभा म्हणजे केवळ माणसे एकत्र येणे नव्हे. आदर्श उपविधींनुसार (म्हणजे गृहनिर्माण संस्थांसाठीच्या शासनाच्या नमुना नियमांनुसार) वार्षिक सभेसाठी १४ पूर्ण दिवसांची आणि विशेष सभेसाठी ५ पूर्ण दिवसांची नोटीस द्यावी लागते, विषयपत्रिका आधी कळवावी लागते, आणि एकूण सभासदांपैकी दोन तृतीयांश किंवा २०, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी गणपूर्ती, म्हणजे किमान हजेरी, लागते. या अटींकडे पुष्कळ जण केवळ कागदी सोपस्कार म्हणून पाहतात. माझ्या मते त्यांतील प्रत्येक अट असहमत माणसाच्या संरक्षणासाठी आहे: नोटिशीमुळे त्याला विचार करायला आणि शेजाऱ्यांशी बोलायला वेळ मिळतो, विषयपत्रिकेमुळे त्याच्यावर ऐनवेळी विषय लादला जात नाही, आणि गणपूर्तीमुळे चार जणांना सर्वांच्या नावाने निर्णय घेता येत नाही. रात्री टाकलेल्या आणि दुपारच्या आत बंद केलेल्या पोलमध्ये यांपैकी एकही संरक्षण उरत नाही.

मौन म्हणजे संमती, हे तत्त्व तर सहकारात कोठेच नाही. एका सभासदाला एकच मत असते आणि ते त्याने स्वतः द्यायचे असते. जे दिलेच नाही ते कोणाच्याही बाजूने मोजता येत नाही. महत्त्वाच्या विषयांत तर शासनाने उलटी दक्षता घेतली आहे. पुनर्विकासासाठी ४ जुलै २०१९ रोजी जे निर्देश निघाले, त्यांत संमतीचे ५१ टक्के हे प्रमाण संस्थेच्या एकूण सभासदसंख्येवर मोजायचे आहे. म्हणजे तेथे जो गैरहजर राहिला तो परिणामतः संमती न देणाऱ्यांतच राहतो.

याहून महत्त्वाचा एक मुद्दा आपल्या प्रश्नात विचारलेला नाही, पण तो आधी सुटायला हवा. मतदानाला काय टाकता येते? आदर्श उपविधींत पाण्याच्या शुल्काचे सूत्र दिलेले आहे: प्रत्येक सदनिकेला दिलेल्या नळजोडांची एकूण संख्या आणि त्यांचा आकार यांवरून ते ठरवायचे असते. आपल्या संस्थेने आदर्श उपविधी स्वीकारलेले असतील, तर माणशी आकारणीच्या बाजूने कितीही मते पडली तरी त्या ठरावाला आव्हान देता येईल. टँकरचा खर्च या सूत्रात धरायचा की वेगळा, याविषयी सहकार खात्याच्या उपनिबंधकांच्या कार्यालयाकडून लेखी मार्गदर्शन घ्यावे, हे उत्तम. आपल्या मसुद्यातील पहिला नियम मी असा ठेवीन की कोणताही प्रस्ताव मताला टाकण्यापूर्वी तो उपविधींच्या चौकटीत बसतो की नाही, हे सचिवांनी संबंधित उपविधीच्या क्रमांकासह लिहून द्यावे. माझ्या नोकरीच्या काळात संस्थांतील जी भांडणे मी पाहिली, त्यांतील कितीतरी अशी होती की जो विषय मताला टाकायलाच नको होता त्यावर मतदान झाले, आणि मग बहुमताच्या आकड्यालाच कायदा समजून लोक हटून बसले.

आता नोंदीविषयी. इतिवृत्तात "ठराव बहुमताने मंजूर" एवढेच लिहिण्याची पद्धत मला अपुरी वाटते. सूचक, अनुमोदक, बाजूची मते, विरोधातील मते, तटस्थ राहिलेले सभासद, आणि विरोधाचे कारण दोन-तीन वाक्यांत, एवढे तरी आलेच पाहिजे. समितीच्या सभेत तर विरोध असणाऱ्या सदस्याने तो नावानिशी लिहूनच घ्यावा, कारण समितीच्या निर्णयांची जबाबदारी कायद्याच्या कलम ७३ प्रमाणे सदस्यांवर एकत्रितपणे आणि वैयक्तिकरीत्याही येते. पुढे चौकशी झाली तर "मी मनातून विरोधातच होतो" या म्हणण्याला काहीच आधार राहत नाही.

उघड की गुप्त, याविषयी माझे मत असे: विषयावरचे मतदान हात वर करून घ्यावे आणि व्यक्तीच्या निवडीचे मतदान गुप्त घ्यावे. संस्थेच्या पैशाचा प्रश्न असेल तेव्हा आपण कोणत्या बाजूला होतो हे सांगण्याची तयारी प्रत्येकाने ठेवली पाहिजे.


उत्तर: पूर्वभाग_शिक्षिका

वरील उत्तरातील कायद्याची बाजू मला मान्य आहे. मी केवळ अंगठ्याविषयी आणि त्या वयस्क गृहस्थांविषयी लिहिते, कारण प्रश्नातला तो भाग वाचून मला फार वाईट वाटले.

मी सोलापूरच्या पूर्व भागात वाढले. आमच्या घरी तेलुगू बोलली जाते, शेजारी कन्नड आणि उर्दू बोलणारी कुटुंबे होती, आणि माझे सारे शिक्षण मराठीतून झाले. त्यामुळे मी एक गोष्ट खात्रीने सांगू शकते: दुसऱ्या भाषेत असहमती व्यक्त करणे हे त्या भाषेतील सर्वांत अवघड काम आहे. बाजारात भाव करता येतो, दवाखान्यात दुखणे सांगता येते, पण "आपले म्हणणे मला समजते, तरीही एक शंका मनात येते" असे वाक्य लिहायला शाळेत आणि घरात त्या भाषेचे वर्षानुवर्षांचे संस्कार लागतात. ज्यांना ते मिळाले नाहीत ते "हे चालणार नाही" असे लिहितात, कारण त्यांच्याजवळ तेवढेच शब्द असतात. त्यांच्या मनात उद्धटपणा नसतो. हेच गृहस्थ समोर बसून बोलले असते, तर त्यांच्या चेहऱ्यावरचा संकोच सर्वांना दिसला असता.

म्हणून "आक्षेप असेल तर कारण लिहा, नाहीतर गप्प बसा" असा नियम आपण करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. तो वरवर निःपक्षपाती दिसतो, परंतु प्रत्यक्षात सफाईने मराठी लिहिणाऱ्यांच्या हाती सगळी चर्चा देतो. गिरणी किंवा यंत्रमागावर आयुष्य काढलेल्या माणसाला पाण्याच्या वाटपातला अन्याय आपल्याइतकाच कळतो. त्याला परिच्छेद पाडून लिहिता येत नाही, एवढेच. नियम असा करावा की ज्याला लिहिणे जड जाते त्याने आपल्या भाषेत बोलून ध्वनिसंदेश पाठवावा, आणि संस्थेतील दोन भाषा जाणणाऱ्या कोणीतरी तो मराठीत लिहून, त्या व्यक्तीला वाचून दाखवून, तिच्या होकारानंतरच ग्रुपवर टाकावा. सोलापुरातल्या कोणत्याही इमारतीत दोन-तीन भाषा येणारे माणूस मिळतेच.

अंगठ्यावर मी बंदी घालणार नाही. बंदी घातली तर नापसंती नाहीशी होत नाही. ती दुसऱ्या, लहान ग्रुपमध्ये जाते आणि तिथे अधिक कडू होते. उलटा अंगठा दिसला की सचिवांनी किंवा नेमलेल्या व्यक्तीने त्या सभासदाला एकदा, खासगीत आणि आदराने विचारावे की आपला आक्षेप नेमका कशाला आहे: खर्चाच्या विभागणीला, घाईने घेतलेल्या पोलला की प्रस्तावातील शब्दांना? तुमच्या ग्रुपवर अंगठा दाखवणाऱ्यांपैकी कितीतरी जण माणशी आकारणीच्या बाजूचेही असतील आणि "सध्याची अन्यायकारक पद्धत" या शब्दांनी दुखावले असतील. अंगठ्यावरून हे कळायला मार्ग नाही, विचारल्यावर मात्र लगेच कळते.

सचिवांची वेदनाही मला खोटी वाटत नाही. जो राबतो त्यालाच बोलणी खावी लागतात, हे दुःख खरे आहे. तरीही काम करणाऱ्यालाच प्रश्न विचारण्याची रीत आपल्या गावाला नवी नाही. सोलापूरचे ग्रामदैवत असलेल्या ज्या सिद्धरामेश्वरांनी या गावात तलाव खोदला, देवळे उभारली, त्यांच्याकडे संत अल्लमप्रभू आले आणि या बांधकामांतच तुम्ही अडकून पडला आहात का, असे त्यांना थेट विचारले, अशी कथा शरणांच्या, म्हणजे लिंगायत संतांच्या, परंपरेत सांगितली जाते. कथेत असेही येते की त्यांचे बोल ऐकून लोकांनी प्रभूंवर दगड उचलले, पण स्वतः सिद्धरामेश्वर मात्र त्यांच्याशी संवाद करत राहिले आणि पुढे कल्याणला (कर्नाटकातील आजच्या बसवकल्याणला) गेले. तलाव आजही गावात आहे. विचारलेल्या प्रश्नाने त्या कामाला कमीपणा आला नाही. मला या कथेत सर्वांत बोलका वाटतो तो जमाव, कारण ज्यांना प्रश्न विचारलाच नव्हता त्यांनी दगड उचलले. आपल्या ग्रुपवरचे हसरे चेहरे टाकणारेही बहुधा असेच असतात. ते समितीत नसतात, आक्षेप घेणाऱ्याशी त्यांचे काही वैर नसते, पण त्यांच्यामुळे बोलू पाहणारा पुढच्या वेळी गप्प बसतो. एखाद्याने कारणांसह मांडलेल्या विरोधावर थट्टेची प्रतिक्रिया देऊ नये, हा एकच नियम कडकपणे पाळला तरी पुष्कळ साधेल.


उत्तर: संख्याशास्त्र_अध्यापक

पोलच्या रचनेविषयी काही लिहितो.

पर्यायाच्या शब्दांतच निवाडा असेल तर ते मतदान बाद समजावे. "अन्यायकारक पद्धतच हवी" या पर्यायावर बोट ठेवायला सभ्य माणूस कचरतो, मग त्याचे खरे मत काहीही असो. दोन्ही बाजूंच्या एकेका प्रतिनिधीने पर्यायांचे शब्द आधी मान्य केल्याशिवाय पोल टाकू नये, आणि "तटस्थ" व "अधिक माहिती हवी" हे दोन पर्याय त्यात असावेत. अधिक माहिती मागणाऱ्यांची संख्या मोठी निघाली, तर त्याचा अर्थ विषय अजून मताला टाकण्याइतका पिकलेला नाही असाच घ्यावा.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. व्हॉट्सॲपच्या पोलमध्ये मते पडता पडताच आकडे दिसत जातात, आणि कोणी कोणते मत दिले हेही सहसा दिसते. मतमोजणीचा सगळा अर्थ असा की प्रत्येकाने स्वतंत्रपणे विचार करून मत दिले आहे; पहिल्या चार मतांकडे पाहून पाचव्याने दिले असेल, तर आपण पाच मते मोजतो पण त्यांत विचार चौघांचाच असतो. हा परिणाम प्रयोगाने मोजला गेला आहे. लेव्ह मुचनिक, सिनान अराल आणि शॉन टेलर यांचा अभ्यास २०१३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला. एका संकेतस्थळावरील एक लाखाहून अधिक अभिप्रायांपैकी काहींना, कोणताही निकष न लावता, त्यांनी सुरुवातीलाच एक अनुकूल मत दिले. त्यानंतर पुढच्या वाचकाने अनुकूल मत देण्याची शक्यता ३२ टक्क्यांनी वाढली, आणि अशा अभिप्रायांचे अंतिम गुण सरासरी २५ टक्क्यांनी अधिक राहिले. केवळ एका आयत्या मताचा हा परिणाम होता! उलट, सुरुवातीला प्रतिकूल मत मिळालेल्या अभिप्रायांना पुढच्या वाचकांनी सावरून घेतल्याचे दिसले.

मला यातून आपल्या प्रश्नाला लागू पडणारी गोष्ट ही दिसते की समितीच्या सदस्यांनी पोल टाकताच स्वतःची मते सर्वांत आधी नोंदवू नयेत. अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार यांनी शेवटी मत द्यावे. मोठ्या विषयात तर पोल नकोच; सदनिकानिहाय चिठ्ठ्या गोळा करून सर्वांसमक्ष मोजाव्यात. पन्नास चिठ्ठ्या मोजायला वेळ लागत नाही.

एकाकी विरोधकाविषयीही एक जुना प्रयोग सांगण्यासारखा आहे. सॉलोमन ॲश यांनी १९५० च्या दशकात रेषांची लांबी ओळखण्याचे प्रयोग केले. सगळा गट डोळ्यांदेखत चुकीचे उत्तर देऊ लागला की पुष्कळ माणसे आपल्याला दिसणारे बरोबर उत्तर सोडून गटाच्या मागे जात. पण गटात एक जरी माणूस बरोबर उत्तर देणारा असला, तर हे मागे जाणे खूपच कमी होई. म्हणजे ज्याने कारणांसह सविस्तर लिहिले, त्याच्यामुळे जे कधीच लिहिणार नव्हते अशा कितीतरी जणांना स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवण्याचे बळ मिळते. एवढे कोण वाचणार, असे म्हणणाऱ्यांच्या हे ध्यानात येत नसावे.


उत्तर: वकील_सातरस्ता

निवृत्त अधिकाऱ्यांच्या बहुतेक मुद्द्यांशी मी सहमत आहे. उघड मतदानाच्या मुद्द्यावर मात्र माझे मत वेगळे आहे आणि त्याची कारणे देतो.

जो इतरांच्या वतीने मत देतो त्याचे मत उघड असावे, कारण ज्यांच्या वतीने तो देतो त्यांना हिशेब मागण्याचा हक्क आहे. म्हणूनच लोकसभेत आवाजी मतदानाचा निकाल एखाद्या सदस्याने अमान्य केला तर मतविभागणी होते आणि कोण कोठे होता हे नोंदले जाते. राज्यसभेच्या निवडणुकीत आमदारांचे मतदान २००३ पासून पक्षप्रतिनिधीला दाखवून करावे लागते, त्यामागेही हाच विचार आहे. जो स्वतःपुरते मत देतो त्याला मात्र कोणालाही जाब द्यायचा नसतो. त्याला संरक्षणाची गरज असते, आणि म्हणून नागरिकाचे मत गुप्त ठेवले जाते. गृहनिर्माण संस्थेचा सभासद या दुसऱ्या प्रकारात येतो, तर समितीचा सदस्य पहिल्या प्रकारात. तेव्हा समितीत मतदान नेहमी नावानिशी व्हावे, आणि सर्वसाधारण सभेत ठरावीक संख्येने सभासदांनी मागणी केली तर कोणत्याही विषयावर गुप्त मतदान घ्यावे, अशी तरतूद मसुद्यात असावी असे मी सुचवतो. ज्या विधवा बाईंची गळकी टाकी दुरुस्त करून घेण्यासाठी दरवेळी सचिवांकडे जावे लागते, त्यांनी त्याच सचिवांच्या प्रस्तावाविरुद्ध भर सभेत हात वर करावा, ही अपेक्षा न्याय्य नाही. धैर्य हा गुण चांगला आहे, परंतु पाण्यासारख्या रोजच्या गरजेच्या विषयात धैर्य असणाऱ्यांनाच मत असावे असे होऊ नये.

हरलेल्या बाजूच्या नोंदीविषयी मला एक उदाहरण द्यावेसे वाटते. संविधान सभेत मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या आणि त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. २५ नोव्हेंबर १९४९ च्या समारोपाच्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या आकड्यांचा उल्लेख केला, आणि त्याच भाषणात पक्षशिस्तीला न जुमानता प्रश्न उपस्थित करणाऱ्या सदस्यांची नावे घेऊन त्यांचे आभार मानले: कामत, डॉ. पंजाबराव देशमुख, सिधवा, प्रा. सक्सेना, पंडित ठाकूरदास भार्गव, प्रा. के. टी. शाह, पंडित हृदयनाथ कुंझरू. त्यांच्या सूचना मी स्वीकारल्या नाहीत म्हणून त्या सूचनांचे मोल कमी होत नाही, अशा आशयाचे ते बोलले. मतदानात जिंकलेल्या बाजूने हरलेल्या बाजूशी कसे वागावे याचा एवढा स्वच्छ वस्तुपाठ माझ्या वाचनात दुसरा नाही. विरोधकांची नावे सन्मानाने घेतली गेली, आणि ती भाषणे व दुरुस्त्या छापील रूपात आज कोणालाही वाचता येतात. आपल्या सचिवांनी ठराव जाहीर करताना विरोधातील मुख्य मुद्दा स्वतःच्या शब्दांत, विरोधकांना पटेल असा मांडून मग निकाल सांगावा. पूर्वपक्ष, म्हणजे विरुद्ध बाजूचे म्हणणे, नीट मांडल्याशिवाय आपला सिद्धांत मांडू नये, ही तर आपल्याकडची जुनी शिस्त आहे.

"आक्षेप असेल तर समितीत या" हा युक्तिवाद मात्र मसुद्यात कोठेही शिरू देऊ नका. भिंतीला तडा गेला आहे हे सांगण्यासाठी गवंडी असावे लागत नाही.


प्रश्नकर्ता: जुळे_सोलापूर_रहिवासी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उपविधींतील नळजोडांच्या सूत्राचा मुद्दा समितीपुढे ठेवला; त्यामुळे टँकरच्या आकारणीचा तो पोल आता निर्णय मानला जाणार नाही आणि विषय विशेष सर्वसाधारण सभेपुढे जाईल, असे अध्यक्षांनी मान्य केले आहे. समितीत नावानिशी आणि सभेत मागणीनुसार गुप्त, ही विभागणी मला पटली, पण मागणी किती सभासदांनी करावी याविषयी मी अजून ठरवू शकलेलो नाही. संख्या फार मोठी ठेवली तर तरतूद निरुपयोगी ठरेल. एकाच सभासदाच्या मागणीवर गुप्त मतदान घ्यायचे म्हटले तर प्रत्येक किरकोळ विषयावर चिठ्ठ्या गोळा कराव्या लागतील.

आणखी एक प्रश्न राहतो. आमच्या ग्रुपवर भाडेकरूही आहेत. माणशी आकारणी झाली तर तिचा भार प्रत्यक्षात त्यांच्यावर पडेल, कारण मालक ती रक्कम त्यांच्याकडूनच घेतील. पण ते सभासद नाहीत. पोलमध्ये त्यांनी मते दिली होती आणि ती मोजली गेली. हे योग्य होते का?


उत्तर: सहकार_खाते_निवृत्त

मोजणे योग्य नव्हते. भाडेकरू सभासद नसल्यामुळे त्याला मत नाही, आणि तो पोलमध्ये मत देत असेल तर सभासद काय म्हणतात हेच कळत नाही. तथापि, मत नसणे आणि म्हणणे नसणे या वेगळ्या गोष्टी आहेत. ठरावाचा ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांचे म्हणणे सभेपूर्वी लेखी मागवावे, सचिवांनी ते सभेत वाचून दाखवावे, आणि इतिवृत्तात मतांच्या आकड्यांपासून वेगळे, "रहिवाशांचे म्हणणे" अशा मथळ्याखाली नोंदवावे. सभासदांनी ते ऐकूनही उलट निर्णय घेतला तर तो त्यांचा अधिकार आहे. न ऐकता घेतला तर मात्र तो निर्णय नीट झाला असे मी म्हणणार नाही.

गुप्त मतदानाच्या मागणीविषयी: वकीलसाहेबांचा युक्तिवाद वाचून माझा आग्रह मी थोडा सैल करतो. हजर सभासदांपैकी एक पंचमांशांनी मागणी केली तर चिठ्ठ्या घ्याव्यात, असे मी सुचवीन. ही मागणीही सभेच्या आधी सचिवांकडे बंद पाकिटातून करता यावी, नाहीतर गुप्त मतदान मागण्यासाठीच उघड हात वर करावा लागेल.


उत्तर: पूर्वभाग_शिक्षिका

भाडेकरूंबरोबर आणखी एका गटाचा विचार व्हावा. सदनिका बहुतेक ठिकाणी नवऱ्याच्या नावावर असते, म्हणून सभेतले मतही त्याचेच असते. पाण्याची पाळी आली की मोटार लावणे, भांडी भरणे आणि पुढचे काही दिवस ते पाणी पुरवणे हे काम मात्र घरातली स्त्री करते. टँकर किती दिवसांनी लागतो हे तिला ठाऊक असते. "रहिवाशांचे म्हणणे" या मथळ्याखाली घरातील कोणत्याही प्रौढ व्यक्तीला लिहिता यावे, केवळ भाडेकरूंना नव्हे.

सभेची तारीख ठरवताना पाणी येण्याचा दिवस टाळा, आणि नोटीस काढण्यापूर्वी त्या दिवसाची खात्री करून घ्या. पाणी येण्याच्या दिवशी ठेवलेल्या सभेला स्त्रिया येऊ शकत नाहीत, आणि मग त्यांना या विषयात रस नाही असा समज होतो.